चामखिळीला मूळ नसतं

चामखीळ म्हटली की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: मुळासकट काढा, नाहीतर परत येईल. पण चामखिळीला मूळ नसतं. ती त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात वाढते. रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेल्या खालच्या थरात ती उतरत नाही, फक्त त्याला खाली दाबते. वरची कातडी तासल्यावर जे काळे ठिपके दिसतात आणि ज्यांना लोक 'बी' म्हणतात, ती रक्त गोठलेल्या बारीक केशवाहिन्यांची टोकं असतात.

मग ती परत का येते? आजूबाजूच्या, दिसायला अगदी निरोगी कातडीत विषाणू शिल्लक असतो आणि शरीराच्या संरक्षणव्यवस्थेने त्याची दखलच घेतलेली नसते. हे एकदा नीट कळलं की चिवट चामखिळीच्या उपचाराचा सगळा विचार बदलतो. किती खोल खणलं याला फारसं महत्त्व उरत नाही. शरीराला तिथे काहीतरी परकं आहे याची जाणीव झाली का, यावर सगळं ठरतं.

आधी ती चामखीळच आहे ना?

मराठीत 'चामखीळ' हा शब्द आपण फार सैल वापरतो. मानेवर किंवा काखेत लोंबणारी, मऊ, देठ असलेली कातडीची गाठ हीसुद्धा आपल्याकडे चामखीळच. डॉक्टर तिला स्किन टॅग म्हणतात. तिचा या विषाणूशी संबंध नाही. वाढतं वय, वजन आणि रक्तातली साखर यांच्याशी तिचं नातं जास्त. केस किंवा दोरा बांधून पडते ती हीच, कारण देठ आवळला की तिचा रक्तपुरवठा तुटतो. 'आमच्या आजीने घोड्याचा केस बांधून चामखीळ पाडली' ही गोष्ट खरी असते, पण ती या गाठीची असते. बोटावरच्या खरखरीत, बसक्या चामखिळीला बांधायला देठच नसतो.

दुसरी गल्लत तळपायाला होते. तिथे कुरूप आणि चामखीळ एकसारखी दिसतात. फरक ओळखायला दोन साध्या खुणा आहेत. वरून सरळ अंगठ्याने दाबल्यावर जास्त दुखतं ते बहुधा कुरूप, आणि दोन बाजूंनी चिमटीत धरून दाबल्यावर कळ येते ती बहुधा चामखीळ. दुसरी खूण त्वचेच्या रेषांची. आपल्या तळव्यावर बोटांच्या ठशांसारख्या बारीक रेषा असतात. कुरपावर त्या तशाच सलग जातात, चामखिळीपाशी येऊन तुटतात आणि तिला वळसा घालून जातात. तरीही शंका असेल तर डॉक्टर ब्लेडने वरचा थर तासून बघतात. काळे किंवा लाल ठिपके दिसले तर चामखीळ, मधे काचेसारखा पारदर्शक, टणक गाभा दिसला तर कुरूप. कुरपाचं कारण दाब असतो, त्यामुळे चप्पल बदलल्याशिवाय ते जात नाही. चामखिळीला चप्पल बदलून काही फरक पडत नाही.

तिसरी गल्लत चेहऱ्यावरची, आणि तिचा मला मनापासून त्रास होतो. कपाळावर, हनुवटीवर किंवा दाढीच्या जागी बारीक, सपाट, कातडीच्याच रंगाचे ठिपके येतात. पुरळ समजून कुणीतरी केमिस्टकडून ट्यूब आणतं. त्या ट्यूबमध्ये अँटिबायोटिक आणि बुरशीच्या औषधासोबत बऱ्याचदा जोरदार स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने त्या जागची संरक्षणव्यवस्था आणखी मंदावते आणि दहाचे पन्नास ठिपके होतात. दाढी करताना वस्तरा किंवा रेझर तेच विषाणू रेषेत पेरत जातो. एका ओळीत उगवलेले सपाट ठिपके दिसले तर दाढी थांबवा, ट्रिमर वापरा आणि घरातल्या ट्यूबवर 'क्लोबेटासोल', 'बेटामेथासोन' किंवा 'मोमेटासोन' असं लिहिलंय का ते बघा.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आलेली, एकच असलेली, वाढत जाणारी किंवा सहज रक्त येणारी 'चामखीळ', त्यातही नखाच्या कडेला वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसलेली, हिच्यावर औषधं लावत बसू नये. तिचा तुकडा तपासून घ्यावा. तिथे त्वचेचा कर्करोग चामखिळीचं रूप घेऊन बसू शकतो.

विषाणू लपतो तरी कुठे

चामखीळ करणारा विषाणू म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. याचे दोनशेहून जास्त प्रकार माहीत आहेत. हातापायांच्या चामखिळी मुख्यतः प्रकार १, २, ४, २७ आणि ५७ यांच्यामुळे होतात, चेहऱ्यावरच्या सपाट चामखिळी ३ आणि १० यांच्यामुळे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी जोडलेले १६ आणि १८ हे वेगळे. त्यामुळे मुलाच्या बोटावर चामखीळ आली म्हणून कर्करोगाच्या भीतीने रात्र जागवायचं कारण नाही.

कातडीला बारीकशी चीर किंवा ओरखडा असेल तर हा विषाणू आत शिरतो आणि वरच्या थराच्या तळाशी असलेल्या पेशींत बसतो. त्या पेशी हळूहळू वर सरकतात, मरतात आणि कोंड्यासारख्या झडतात. विषाणू स्वतःच्या नव्या प्रती मुख्यतः वरच्या, मरणाच्या वाटेवर असलेल्या पेशींतच बनवतो आणि झडणाऱ्या मेलेल्या कातडीबरोबर बाहेर पडतो. तो पेशी फोडत नाही, रक्तात उतरत नाही, ताप आणत नाही, सूजही आणत नाही. शरीराच्या संरक्षक पेशींना जागं करणारी एकही खूण तो मागे ठेवत नाही. वर त्याची स्वतःची काही प्रथिनं पेशींचा इंटरफेरॉनचा, म्हणजे 'विषाणू शिरलाय' असं सांगणारा, इशारा दाबून टाकतात. कातडीत पहारा देणाऱ्या लँगरहान्स पेशीही चामखिळीच्या भागात कमी आढळतात. म्हणून धडधाकट, कधी आजारी न पडणाऱ्या माणसाच्या टाचेतही चामखीळ चार वर्षं सुखाने राहते. 'माझी प्रतिकारशक्ती कमी आहे का?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांच्या बाबतीत 'नाही' असंच असतं. प्रतिकारशक्तीला फक्त विषाणूचा पत्ताच मिळालेला नसतो.

संसर्ग झाल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत बहुधा दोन ते सहा महिने जातात, कधी वर्षाहूनही जास्त. त्यामुळे मे महिन्यात पोहायला शिकलेल्या मुलाच्या तळपायाची चामखीळ दिवाळीच्या सुमारास दिसते आणि तलावाची आठवणही कुणाला राहत नाही. पाण्याने भिजून मऊ झालेले तळवे आणि खरबरीत फरशी ही या विषाणूची आवडती जोडी. पावसाळ्यात दिवसभर ओल्या बुटांत राहणाऱ्या पायांचंही तेच. या विषाणूला स्निग्ध आवरण नसतं, म्हणून तो कोरड्या जागेवर बराच टिकतो आणि साध्या सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. पोहायला जाताना चामखिळीवर पाणी न शिरणारी चिकटपट्टी लावावी, तलावाच्या काठावर स्लिपर घालावी, टॉवेल वेगळा ठेवावा. एवढं पुरे. मुलाला शाळेत पाठवणं बंद करायची गरज नाही.

'व्हायरस आहे ना, मग अँटिव्हायरल गोळी द्या' हेही बरेच जण सुचवतात. नागिणीवर चालणारी असायक्लोव्हिरची गोळी त्या विषाणूच्या स्वतःच्या एन्झाइममुळे कामाला लागते. एचपीव्हीकडे ते एन्झाइमच नाही. तो आपल्याच पेशींची यंत्रणा वापरून वाढतो, म्हणून ही गोळी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. अँटिबायोटिकचा तर प्रश्नच नाही.

आणि एक मोठी गोष्ट: काहीच न करता मुलांतल्या साधारण निम्म्या चामखिळी वर्षभरात आणि दोन तृतीयांश दोन वर्षांत जातात. मोठ्या माणसांत हे प्रमाण कमी आणि गती मंद. चुना आणि सोडा, लसूण, रुईचा चीक, होमिओपॅथीचं थुजा, दृष्ट काढणं या सगळ्यांच्या यशोगाथांमागे हीच आपोआप बरं होण्याची सवय उभी आहे. तळपायाच्या चामखिळींवर होमिओपॅथीची नियंत्रित चाचणी कॅनडात झाली आणि १९९२ साली प्रसिद्ध झाली. त्यात औषध आणि नुसत्या साखरेच्या गोळ्या यांच्यात फरक आढळला नाही. थुजाने नुकसान होत नाही, वेळ जातो. बिब्बा आणि चुना-सोड्याचं तसं नाही. बिब्ब्याने भोवतालची कातडी फोडांनी भरते, काळी पडते, कधी अंगभर पुरळ उठतं. चुना-सोडा म्हणजे चक्क क्षाराने भाजणं, त्याचा व्रण आयुष्यभर राहू शकतो. पेटत्या उदबत्तीचा चटका देणं तर कृपा करून विसरून जा.

घरी बारा आठवडे

सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जास्त तपासलेला आणि सगळ्यात जास्त चुकीच्या पद्धतीने वापरला जाणारा उपाय म्हणजे सॅलिसिलिक आम्ल. केमिस्टकडे कोलोडियनमधलं (सुकल्यावर पापुद्रा धरणाऱ्या द्रवातलं) द्रावण मिळतं, ज्यात साधारण १६.७ टक्के सॅलिसिलिक आणि तेवढंच लॅक्टिक आम्ल असतं. तळपायासाठी ४० टक्क्यांची पट्टीही असते. आपल्याकडे ती 'कॉर्न कॅप' या नावाने विकली जाते. ६ टक्क्यांचं मलम टाचेच्या भेगांसारख्या जाड कातडीसाठी असतं, चामखिळीला ते पुरत नाही. २ टक्क्यांचा फेसवॉश तर नाहीच नाही.

रात्री जेवणं आटोपल्यावर ती जागा कोमट पाण्यात पाच ते दहा मिनिटं भिजवा. वरची पांढरी, मऊ झालेली मेलेली कातडी नखं घासायच्या कागदी कानशीने घासून काढा. ही पायरी निम्मं काम करते आणि नेमकी हीच गाळली जाते. मेलेल्या कातडीच्या थरावर औषध लावणं म्हणजे पोपडे न काढता भिंत रंगवणं. गुलाबी कातडी दिसली, झोंबायला लागलं किंवा रक्ताचा ठिपका आला की थांबा. कानस प्रत्येक वेळी नवी घ्या, किंवा तिचा छोटा तुकडा कापून वापरा आणि फेकून द्या. तुळशीबागेतून आणलेली घरातली वज्री यासाठी अजिबात वापरू नका. एका माणसाची चामखीळ घरभर वाटायचा तो खात्रीचा मार्ग आहे.

जागा पूर्ण कोरडी करा. चामखिळीच्या भोवती, निरोगी कातडीवर, व्हॅसलीनचं रिंगण करा. मग टूथपिकच्या टोकाने औषधाचा एक थेंब फक्त चामखिळीवर ठेवा, सुकू द्या, त्यावर दुसरा थेंब. पांढरा पापुद्रा धरला की वरून चिकटपट्टी लावून झोपा. सकाळी काढा. हे रोज. जागा लालभडक झाली, चालताना दुखायला लागली तर दोन-तीन दिवस सुट्टी, मग पुन्हा सुरू.

बारा आठवडे. तीन आठवड्यांत चामखीळ बसकी आणि पांढरी दिसते, सगळ्यांना वाटतं गेली, औषध बंद होतं, आणि दोन महिन्यांनी ती पुन्हा उभी. बरी झाल्याची एकच विश्वासाची खूण आहे: तुटलेल्या त्वचेच्या रेषा त्या जागेवरून पुन्हा सलग जायला लागतात आणि काळे ठिपके दिसत नाहीत. तोपर्यंत थांबायचं नाही. बाटलीचं झाकण उघडं राहिलं तर कोलोडियनमधलं द्रावक उडून जातं, द्रावण घट्ट होतं, वर स्फटिक धरतात. ते फेकून नवं आणा. हे द्रव ज्वलनशील असतं, म्हणून देवघराजवळ किंवा गॅसजवळ लावत बसू नका.

ज्यांना मधुमेहामुळे पायाला बधिरपणा आहे किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी आहे त्यांनी हे घरी करूच नये. औषधाने झालेली जखम त्यांना जाणवत नाही आणि भरतही नाही. चेहरा आणि गुप्तांगावरही हे औषध चालत नाही.

या चिकाटीचं फळ किती, तेही सांगायला हवं. २०१२ साली कॉक्रेन या, चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात सॅलिसिलिक आम्ल औषध नसलेल्या लेपापेक्षा सरस ठरलं, पण फरक मध्यमच होता. तळपायाच्या चामखिळींवर ब्रिटनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत बारा आठवड्यांनी सॅलिसिलिक आम्लाने आणि गोठवून बऱ्या झालेल्यांचं प्रमाण सारखंच, जेमतेम १४ टक्के होतं. हातावरच्या चामखिळींचं चित्र बरं आहे. नेदरलँड्समधल्या २०१० सालच्या चाचणीत तळपाय सोडून इतरत्र असलेल्या साध्या चामखिळी गोठवून ४९ टक्के, सॅलिसिलिक आम्लाने १५ टक्के आणि काहीच न करता ८ टक्के लोकांच्या गेल्या. तळपायाला मात्र तिथेही कोणत्याच उपायाने सरशी केली नाही. म्हणजे टाचेची चामखीळ तीन महिन्यांत गेली नाही तर तुम्ही काही चुकलात असं नाही. ती जागाच तशी आहे.

गोठवणं आणि जाळणं

लिक्विड नायट्रोजनचं तापमान उणे १९६ अंश सेल्सियस. चामखिळीवर फवारा मारून तिच्या बाहेर एक-दोन मिलिमीटर पांढरी कडा दिसली की ती कडा साधारण दहा सेकंद धरून ठेवायची, मग पूर्ण वितळू द्यायचं. जाड चामखीळ आधी तासून घ्यायला हवी, नाहीतर गोठते ती फक्त मेलेली कातडी. तळपायाला एकाच बैठकीत दोनदा गोठवतात. पुढची बैठक दोन ते तीन आठवड्यांनी. 'वेळच मिळाला नाही' म्हणून दीड महिन्याने गेलं तर मधल्या काळात चामखीळ झालेलं नुकसान भरून काढते. चार ते सहा बैठकांत काहीच हललं नाही तर तोच उपाय पुढे रेटण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी फोड येतो, कधी रक्ताचा, काळसर. तो घाबरण्यासारखा नसतो. त्याचं छप्पर कापू नका. खूप ताणला असेल तर डॉक्टरांकडून निर्जंतुक सुईने पाणी काढून घ्या. आपल्या सावळ्या कातडीवर नंतर पांढरा डाग राहू शकतो, कधी महिनोन्महिने, कधी कायमचा. हाताच्या पाठीवर किंवा चेहऱ्यावर गोठवायच्या आधी डॉक्टरांनी हे सांगायला हवं आणि तुम्ही विचारायला हवं. बोटांच्या कडेने मज्जातंतू जातात, तिथे फार वेळ गोठवलं तर बधिरपणा येतो. कधी मधली चामखीळ जाते आणि कडेने तिचीच बांगडी उगवते: फवारा कडेपर्यंत पोहोचलेला नसतो. ऑनलाइन मिळणारे घरगुती गोठवणी स्प्रे याच्या जवळपासही थंड होत नाहीत.

विजेने जाळणं, म्हणजे कॉटरी, एकट्यादुकट्या चामखिळीला ठीक आहे. तळपायाला मी ती सुचवणार नाही. तिथला व्रण प्रत्येक पावलाला टोचतो आणि तो काढायला औषध नसतं. धुरात विषाणूचा डीएनए सापडलेला आहे, म्हणून जाळताना धूर ओढणारं यंत्र आणि मास्क हवाच. ते दिसलं नाही तर विचारा.

शरीराला पत्ता देणं

आता खरा गाभा. दहा-बारा चामखिळी असलेल्या माणसाच्या एकाच चामखिळीला सुई टोचली आणि महिन्या-दोन महिन्यांनी दुसऱ्या हातावरच्या, जिला कुणी हातही लावला नव्हता, तीसुद्धा गळून गेली, असं होतं. इम्युनोथेरपीचा सगळा डाव यावर आहे. जाळणं किंवा गोठवणं फक्त समोरच्या चामखिळीशी लढतं. इथे शरीराला ओळख पटवली जाते आणि ती ओळख घेऊन पेशी सगळीकडे फिरतात.

हे काम प्रतिपिंडांचं नाही, टी-पेशींचं, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशींवर थेट चाल करणाऱ्या पांढऱ्या पेशींचं आहे. ज्यांना जन्मतः प्रतिपिंडं बनवता येत नाहीत त्यांना चामखिळी विशेष होत नाहीत. ज्यांच्या टी-पेशी कमजोर त्यांना मात्र अंगभर होतात. म्हणून टी-पेशींना चामखिळीपर्यंत ओढून आणायचं, आणि ते करायला शरीराला आधीपासून पाठ असलेला पदार्थ तिथे सोडायचा. भारतात जवळपास प्रत्येकाचं शरीर गोवराला ओळखतं, लसीमुळे किंवा लहानपणी आलेल्या गोवरामुळे. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीचा थोडा अंश चामखिळीत टोचला की गोवराच्या स्मृतिपेशी तिकडे धावतात, इंटरफेरॉन-गॅमा आणि इंटरल्युकिन-२ सारखी रसायनं सोडतात, सूज येते, आणि त्या गर्दीत चामखिळीतल्या विषाणूची प्रथिनंही उचलली जाऊन जवळच्या लसिकाग्रंथीत पोहोचतात. तिथे त्या विषाणूविरुद्धच्या टी-पेशी तयार होतात. ही लस पुण्याला नवी नाही. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची एमएमआर लस वर्षानुवर्षं जगभर जाते.

सर्वांत मोठ्या चामखिळीत, इन्सुलिनच्या सिरिंजने, ०.३ ते ०.५ मिलिलिटर लस टोचतात. दर दोन ते तीन आठवड्यांनी, तीन ते पाच वेळा. सुई चामखिळीच्या बुडाशी, पण तिच्या आतच राहायला हवी. खाली चरबीत गेली तर ते साधं इंजेक्शन होतं. तळपायाची कातडी घट्ट असल्याने तिथे चांगलंच दुखतं, आणि कोरड्या चामखिळीच्या फटीतून औषध पिचकारीसारखं उलट उडतं. म्हणून वर गॉज धरतात, डोळ्यांवर चष्मा असावा. ही भुकटीची लस आहे. द्रव मिसळल्यावर ती थंड आणि अंधारात ठेवून सहा तासांत संपवायची असते. आदल्या दिवशी कालवलेली कुपी वापरायची नाही. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यात थांबा. त्या रात्री कसकस किंवा अंगदुखी होऊ शकते, पॅरासिटामॉल पुरतं. तीन वेळा टोचून काहीच फरक नसेल तर बदल करावा.

ही जिवंत, सौम्य केलेली लस आहे. गरोदर स्त्रियांना, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना आणि पूर्वी या लसीची किंवा निओमायसिनची गंभीर अॅलर्जी आलेल्यांना ती द्यायची नाही. टोचल्यावर एक महिना गर्भधारणा टाळायची. चामखिळीसाठी तिचा वापर लसीच्या मंजुरीत लिहिलेला नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं पाहिजे. अभ्यास बरेच आहेत पण लहान, आणि यशाचे आकडे एकमेकांपासून लांब. मात्र अनेक चामखिळी असलेल्या माणसाला प्रत्येक चामखीळ वेगळी जाळण्यापेक्षा मी आधी हाच रस्ता सुचवेन.

दुसरा पर्याय व्हिटॅमिन डी-३चं इंजेक्शन. आधी भुलीचं औषध ०.२ मिलिलिटर, काही मिनिटांनी त्याच चामखिळीच्या बुडाशी डी-३ ०.२ ते ०.५ मिलिलिटर, एका बैठकीला एक-दोन चामखिळी, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने. वापरलं जाणारं औषध मिलिलिटरला ६ लाख युनिटचं असतं. म्हणजे दोन चामखिळींत प्रत्येकी ०.२ मिलिलिटर टोचलं तरी २ लाख ४० हजार युनिट पोटात गेल्यासारखंच. आपल्याकडे घरोघरी ६० हजार युनिटची आठवड्याची पुडी चालू असते. ती चालू असेल किंवा मुतखडा झालेला असेल तर इंजेक्शनच्या आधी सांगा.

क्षयाच्या चाचणीचं पीपीडी आणि बीसीजी यांचाही याच तत्त्वावर वापर होतो, कारण आपल्याकडे जन्मल्याबरोबर बीसीजी टोचलेली असते. मायकोबॅक्टेरियम डब्ल्यू ही अस्सल भारतीय लस. दिल्लीच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजीत डॉ. गुरसरन तलवार यांनी ती कुष्ठरोगासाठी विकसित केली आणि पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी चामखिळींवर वापरली. काम करते, पण टोचल्या जागी गाठ, जखम आणि व्रण होण्याची शक्यता जास्त. चेहऱ्यावर किंवा दर्शनी भागावर मी तिच्या वाटेला जाणार नाही.

औषधच नसलेला एक उपाय १९६९ सालचा आहे: नीडलिंग. भूल देऊन एका चामखिळीला बारीक सुईने शेकडो वेळा, खालच्या चरबीपर्यंत टोचायचं, सुईला विरोध जाणवेनासा होईपर्यंत. विषाणूचे कण अशा थरात ढकलले जातात जिथे संरक्षक पेशी फिरत असतात. त्याचाच भाऊ म्हणजे ऑटोइम्प्लांटेशन: चामखिळीचा छोटा तुकडा कापून हाताच्या आतल्या बाजूला कातडीखाली केलेल्या खिशात ठेवून वर पट्टी लावायची. तत्त्व तेच, बहुधा एकाच बैठकीचं काम. लसीला अॅलर्जी असलेल्यांना हे दोन्ही उपयोगी पडतात. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांच्या त्वचारोग विभागांत 'हे करता का?' असं सरळ विचारावं.

'मग एचपीव्हीचीच लस का नको? ती तर पुण्यातच बनते.' प्रश्न बरोबर आहे. सीरमची सर्वाव्हॅक २०२२ साली मंजूर झाली. ती प्रकार ६, ११, १६ आणि १८ यांच्याविरुद्ध आहे. बोटावरच्या चामखिळीचे २, २७, ५७ त्यात नाहीत. शिवाय ती संसर्ग होण्याआधी अडवण्यासाठी प्रतिपिंडं तयार करते, झालेला हुसकावण्यासाठी नाही. मुलामुलींना ती कर्करोगापासून संरक्षणासाठी जरूर द्यावी. चामखिळीसाठी म्हणून तिच्यावर खर्च करू नये.

झिंकच्या गोळ्यांचं उत्तर अर्धवट आहे. ज्यांच्या रक्तात झिंक खरोखर कमी आहे त्यांना फायदा होऊ शकतो. चाचण्यांत वापरलेली मात्रा मोठी असते आणि त्याने मळमळते. महिनोन्महिने घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. सिमेटिडिनच्या, म्हणजे ॲसिडिटीच्या एका जुन्या औषधाच्या, गोळ्या नियंत्रित चाचण्यांत टिकल्या नाहीत. आणि गुळवेल, काढे, 'इम्युनिटी' लिहिलेल्या बरण्या यांनी चामखिळीतल्या विषाणूचा पत्ता कुणाला कळत नाही.

थोड्या लोकांत मात्र संरक्षणव्यवस्था खरोखर दमलेली असते, आणि चामखीळ ही त्याची पहिली खूण ठरते. मोठ्या माणसाला अचानक वीस-तीस चामखिळी आल्या, किंवा कोणताच उपाय वर्षभर लागू पडला नाही, तर सीबीसी ही रक्ततपासणी करून लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) बघावेत, साखर आणि एचआयव्ही तपासावा. एचआयव्हीचं नाव काढलं की घरात शांतता पसरते, पण ही तपासणी नेहमीची आहे आणि वेळेवर कळलं तर उपचार उत्तम आहेत. किडनी बसवलेल्यांना, मेथोट्रेक्सेट किंवा स्टेरॉइड घेणाऱ्यांना चामखिळी चिवट होणारच. त्यांनी औषध आपल्या मनाने बंद करू नये, मूळ डॉक्टरांशी बोलावं. सांधेदुखीची कुणीतरी दिलेली बिननावाची पुडी चालू असेल तर तीही दाखवा, त्यात स्टेरॉइड असू शकतं.

शेवटी एक खूण, जी ओळखता न आल्यामुळे चांगलं चाललेलं काम बिघडतं. इतके महिने मुकी बसलेली चामखीळ एके दिवशी लाल होते, खाजते, किंचित सुजते. सपाट चामखिळी असतील तर चेहऱ्यावरच्या सगळ्या एकदम लाल होतात. माणूस घाबरून ट्यूब लावतो. पत्ता सापडून टी-पेशी आत शिरल्या आहेत, हाच त्याचा अर्थ असतो. मग ती काळी पडते, सुकते, दोन-चार आठवड्यांत गळते. त्या दिवसांत स्टेरॉइडची ट्यूब लावू नका, नखाने उकरू नका, नवीन औषध सुरू करू नका. खाज असह्य झाली तर थंड पाण्याची पट्टी ठेवा.